माहेर म्हटलेलं जंगल

(डोंगरउतार, देवदारांची रांग. खाली नदीचा आवाज.)

२६ मार्च १९७४. हिमालयातल्या चमोली जिल्ह्यातलं रैणी गाव. त्या दिवशी गावात पुरुष नव्हते. जमिनीची कित्येक वर्षं रखडलेली भरपाई एकदाची मिळणार म्हणून ते चमोलीला गेलेले. नेमकी तेव्हाच ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन जंगलाच्या वाटेला लागली.

ती एका लहान मुलीनं पाहिली. धावत जाऊन तिनं महिला मंगल दलाच्या, म्हणजे गावातल्या बायकांच्या मंडळाच्या, प्रमुख गौरा देवींना सांगितलं. हातातलं काम टाकून 27 बायका-मुली निघाल्या. समोर बंदूकही होती. हे जंगल आमचं माहेर आहे, असं त्यांनी ठणकावलं. रात्रभर झाडांपाशी पहारा दिला. झाडं उभी राहिली.

त्याच वर्षी तिकडे फ्रान्समध्ये फ्रान्स्वाझ दोबोन या लेखिकेनं ‘इकोफेमिनिझम’ हा शब्द घडवला. पर्यावरणीय स्त्रीवाद. रैणीत तो कुणाच्या कानावर गेला असण्याची शक्यता नाहीच.

(सरपणाचा भारा. चेहरा दिसत नाही.)

माहेर या शब्दाची भूल मोठी. धरती म्हणजे आई, बाई म्हणजे निसर्ग. ऐकायला गोडच वाटतं. पण अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये याला हरकत घेतली. हे नातं बाईच्या रक्तात नसतं, रोजच्या कामातून येतं. सरपण, चारा, पाणी कोण आणतं? जंगल मागे हटलं की पायपीट कुणाची वाढते? आणि जमीन कुणाच्या नावावर असते? बाईचं कौतुक करताना हा शेवटचा प्रश्न सोयीस्कर राहून जातो.

१९८० साली त्याच जिल्ह्यात, डुंगरी-पैंतोली गावात, हा हक्काचा प्रश्न समोर आलाच. बांजाचं, म्हणजे हिमालयातल्या ओकचं, जंगल तोडू द्या, बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना, वीज घ्या, असा सौदा होता. पुरुषांच्या पंचायतीनं होकार दिला. रस्ता-दवाखाना कुणाला नको असतो? पण बांजाचा पाला गुरांना लागतो, फांद्या चुलीला. तो तुटला तर लांब जाणार होत्या बायका, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. रैणीत ठेकेदार बाहेरचा होता. इथे होकार घरातूनच गेला होता.

बायका आडव्या उभ्या राहिल्या. जंगल वाचलं.

मग त्या विचारू लागल्या: पंचायतीत आम्ही का नाही?