जॉन गारफील्डने न घेतलेली नावं

नमस्कार श्रोतेहो.

मार्लन ब्रँडोचं नाव निघालं की सिनेमावेड्या माणसाला तो बनियन, ते पुटपुटत बोलणं, ते अस्वस्थ डोळे आठवतात. हॉलिवूडमध्ये नैसर्गिक अभिनय ब्रँडोपासून सुरू झाला, असं आपण सहज बोलून जातो. मला हे पटत नाही. ब्रँडो पडद्यावर आला १९५० मध्ये. त्याच्या बारा वर्षं आधी न्यूयॉर्कच्या गल्लीतला एक मुलगा तसाच खरा, तसाच धगधगता अभिनय करत होता. ब्रँडोचं नाव ज्या नाटकाने झालं, त्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मधली स्टॅन्ले कोवाल्स्कीची भूमिकाही आधी त्यालाच देऊ केली होती. त्याने नाही म्हटलं, म्हणून ती ब्रँडोकडे गेली. त्या नटाचं नाव जॉन गारफील्ड.

जन्म ४ मार्च १९१३ चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला. आईवडील रशियातून आलेले ज्यू. वडील कपड्यांच्या कारखान्यात कोटांना इस्त्री मारायचे आणि सणासुदीला प्रार्थनागृहात प्रार्थना गायचे. मुलाचं नाव जेकब ज्युलियस गारफिंकल. मित्रांसाठी तो शेवटपर्यंत ‘जूली’च राहिला. सात वर्षांचा असताना आई गेली. मग कधी या नातेवाइकाकडे, कधी त्या, असं वाढणं. पोरांच्या टोळ्या, मारामाऱ्या, शाळेला दांड्या. लहानपणीच्या तापाने हृदय अधू झालं, ते कायमचं.

हा मुलगा वाया जायचा तो गेला नाही, याचं कारण ब्राँक्समधली एक शाळा आणि तिचे मुख्याध्यापक अँजेलो पात्री. इटलीहून आलेला हा शिक्षक उनाड पोरांना हाकलत नसे, त्यांना कशाची गोडी लागते ते शोधत असे. जूलीला दोन गोष्टींची गोडी लागली, मुष्टियुद्धाची आणि नाटकाची. या दोन्ही त्याच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येणार आहेत, तेवढं ध्यानात ठेवा.

पुढे मंदीचा काळ आला. मालगाड्यांतून फुकट प्रवास करत, शेतांवर कापणीची कामं करत तो अमेरिकाभर भटकला. परत आला तो नाटकातच शिरला, आणि पोहोचला ग्रुप थिएटरमध्ये. हॅरल्ड क्लर्मन, चेरिल क्रॉफर्ड आणि ली स्ट्रासबर्ग यांनी १९३१ मध्ये उभी केलेली ही नाटक मंडळी. रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कीची, भूमिका आतून जगायची अभिनयपद्धती अमेरिकेच्या मातीत त्यांनी रुजवली. इथे कुणी बडा नट नाही, सगळे मिळून काम करायचं, असा त्यांचा दंडक होता. नाटकं कसली, तर भाडं थकलेल्या, नोकरी गेलेल्या घरांची. त्यांच्यातलाच नट क्लिफर्ड ओडेट्स त्यांचा नाटककार झाला.

१९३७ मध्ये ओडेट्सने ‘गोल्डन बॉय’ लिहिलं. त्याचा नायक जो बोनापार्ट हा गरीब घरातला तरुण व्हायोलिनवादक. पैशासाठी तो मुष्टियोद्धा होतो आणि त्यात हात मोडून वादनालाच मुकतो. ही भूमिका गारफील्डच करणार असं सगळे धरून चालले होते. पण मंडळींनी ती ल्यूथर अ‍ॅडलरला दिली आणि गारफील्डच्या वाट्याला एक दुय्यम पात्र आलं. तो फार दुखावला. वॉर्नर ब्रदर्सचं बोलावणं आलं तेव्हा त्याने हॉलिवूडची गाडी धरली. करारात अट मात्र घालून घेतली, की अधूनमधून नाटक करायची मोकळीक हवी.

रंगभूमीवर तो जूल्स गारफील्ड होता. स्टुडिओने जूल्सचा जॉन केला आणि पहिलंच चित्र गाजलं, ‘फोर डॉटर्स’, १९३८. गोडगोड कौटुंबिक कथा. चार गुणी मुली, संगीतप्रेमी बाप, नीटनेटकं घर. त्या घरात मध्यावर कधीतरी एक पियानोवाला येतो. टाय सैल, केस विस्कटलेले, ओठात लोंबती सिगारेट. नशिबावरच रागावलेला माणूस. श्रोतेहो, तो आल्याबरोबर बाकीचे सगळे नट नटासारखे दिसू लागतात. एवढ्यावर त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं.

पुढची काही वर्षं स्टुडिओने त्याला तुरुंगातल्या, पळून जाणाऱ्या, पिस्तूलवाल्या भूमिकांत पिळून घेतलं. भूमिका नाकारली की निलंबन, असं कितीदा तरी झालं. युद्ध सुरू झालं, पण हृदयामुळे सैन्याने घेतलं नाही. मग अभिनेत्री बेटी डेव्हिसला बरोबर घेऊन त्याने १९४२ मध्ये हॉलिवूड कँटीन सुरू केलं. आघाडीवर निघालेल्या सैनिकांना तिथे सगळं फुकट, आणि वाढायला, भांडी विसळायला सिनेमातले तारे. गोरा सैनिक आणि काळा सैनिक दोघेही तिथे येऊ शकत. सैन्यात दोघांच्या तुकड्या वेगळ्या होत्या त्या काळातली ही गोष्ट. १९४५ मध्ये मात्र त्याची सहा वर्षांची मुलगी कॅथरीन अचानक गेली. त्यानंतर तो कामात बुडाला.

आणि आता ते व्हायोलिन आणि ते मुष्टियुद्ध. १९४६ च्या ‘ह्युमोरेस्क’मध्ये तो व्हायोलिनवादक झाला. पटकथेत ओडेट्सचाही हात होता. गारफील्डला व्हायोलिन येत नव्हतं. मग काय केलं, तर त्याचे हात मागे घेऊन दोन खरे वादक त्याच्या आडोशाला बसवले. एकाची बोटं तारांवर, दुसऱ्याच्या हातात गज, आणि मध्ये गारफील्डचा चेहरा. ध्वनिपट्टीवर वाजवत होता तरुण आयझॅक स्टर्न. दृश्य पाहताना ही क्लृप्ती ठाऊक असूनही तो चेहराच वाजवतोय असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी ‘बॉडी अँड सोल’. स्टुडिओचा करार संपला होता, हा चित्रपट एका नव्या स्वतंत्र कंपनीचा. लेखक अब्राहम पोलोन्स्की, दिग्दर्शक रॉबर्ट रॉसन. रिंगणातली लढत टिपायला छायाचित्रकार जेम्स वाँग हाउ पायांत चाकांचे स्केट्स घालून, कॅमेरा हातात धरून रिंगणातच उतरला. त्यातला काळा विजेता मुष्टियोद्धा केला कॅनडा लीने. ली स्वतः एके काळी मुष्टियोद्धा होता. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये काळ्या नटाला नोकराच्या पलीकडची भूमिका क्वचित मिळे. इथे त्याच्या पात्राला पूर्ण मान आहे, आणि नायकाला विवेकाची आठवण करून देतो तोही तोच. गारफील्डला या वेळी प्रमुख अभिनेत्याचं नामांकन मिळालं.

म्हणजे बघा, रंगभूमीवर नाकारलेला तो एकच जो बोनापार्ट त्याने पडद्यावर दोन तुकड्यांत करून दाखवला.

त्याच सुमारास अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाची लाट उसळली. प्रतिनिधिगृहाच्या समितीने हॉलिवूडवर मोर्चा वळवला. साक्षीदाराला विचारायचे, तुम्ही पक्षात होता का, आणि तुमच्याबरोबर कोण होतं? बरीचशी नावं समितीकडे आधीच असत. तरीही ती साक्षीदाराच्या तोंडून वदवून घ्यायची. नावं घेतली तर काम मिळे, नाही घेतली तर काळ्या यादीत.

गारफील्डने मंदीच्या दिवसांपासून कितीतरी सभांना, अर्जांना, मदतनिधींना आपलं नाव दिलेलं. १९५० मध्ये ‘रेड चॅनेल्स’ या, कम्युनिस्ट असल्याचा संशय घेतलेल्या कलावंतांची यादी देणाऱ्या पुस्तिकेत त्याचं नाव छापून आलं. त्याच वर्षी ‘द ब्रेकिंग पॉइंट’ आला. दिग्दर्शक पुन्हा मायकेल कर्टिझ, ‘फोर डॉटर्स’वालाच. कर्जात बुडालेला एक नावाडी, त्याचा काळा भागीदार, दोघांची कुटुंबं. भागीदाराच्या भूमिकेला वजन मिळावं म्हणून गारफील्डने स्वतः आग्रह धरला होता. माझ्या लेखी हे त्याचं सर्वांत उंच काम. स्टुडिओने मात्र त्याची जाहिरात जेमतेम केली.

२३ एप्रिल १९५१ ला तो समितीपुढे बसला. मी कम्युनिस्ट नाही, कधी नव्हतो, असं त्याने सांगितलं. ते खरंही होतं. पण नावं विचारली तेव्हा म्हणाला, मला कुणी कम्युनिस्ट ठाऊक नाही. आता, त्याची बायको रॉबर्टा एके काळी पक्षात होती. ग्रुप थिएटरमधले जिवाभावाचे सोबती होते. समितीला उत्तर पटलं नाही, खोट्या साक्षीच्या संशयाने चौकशी मागे लागली. काहींनी घटनेचा आधार घेऊन ताठ नकार दिला, तसा त्याने दिला नाही. तो घाबरलेला होता, निसटू पाहत होता. मला त्याचं मोल यामुळे कमी वाटत नाही. घाबरलेल्या माणसाला मित्राचं नाव सांगून सुटणं किती सोपं होतं! त्याने ते केलं नाही.

सिनेमा संपला. ‘ही रॅन ऑल द वे’ हा त्याचा शेवटचा, १९५१ चा. एफबीआयची माणसं पाळतीवर होती. मग तो रंगभूमीवर परतला. मार्च १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘गोल्डन बॉय’ पुन्हा उभं राहिलं, ओडेट्सच्याच दिग्दर्शनाखाली, आणि या वेळी जो बोनापार्ट होता जॉन गारफील्ड. पंधरा वर्षं उशिरा.

पुढचे दोन महिने फार वाईट होते. एप्रिलमध्ये ग्रुपमधल्या एलिया कझानने समितीला जुन्या सोबत्यांची नावं दिली. ९ मेला कॅनडा ली गेला, काम तुटलेल्या अवस्थेत. त्या महिन्याच्या १९ आणि २० तारखेला खुद्द ओडेट्सने साक्ष दिली आणि नावं घेतली. २१ मेच्या सकाळी गारफील्ड हृदयविकाराने मेलेला आढळला. वय ३९. त्याच्या अंत्यविधीला मॅनहॅटनच्या रस्त्यात हजारो माणसं लोटली.

त्याचे चित्रपट आज चांगल्या प्रतींत उपलब्ध आहेत. पहिल्यांदा पाहणार असाल, तर ‘द ब्रेकिंग पॉइंट’पासून सुरुवात करा, आणि शेवटची दोन मिनिटं उठू नका, त्यातल्या काळ्या भागीदाराच्या लहान मुलाकडे लक्ष ठेवा. ‘बॉडी अँड सोल’ त्यानंतर. ‘फोर डॉटर्स’ला थोडा धीर लागेल, तो येईपर्यंत.

नमस्कार.