डॅलसची लॉटरी 'फिक्स' होती? आणि ऑक्टोबरची भाकितं का फसतात?

नमस्कार मंडळी! आज दोन खेळ, दोन भांडणं: एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट आणि बेसबॉलचे प्लेऑफ, म्हणजे ऑक्टोबरमधले बाद फेरीचे सामने. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना कमेंटमध्ये शिव्या घालायच्यात त्यांनी लगेच कामाला लागावं. जिथे उघडउघड नशिबाचा खेळ चालतो, तिथे फॅन लोकांना सेटिंग दिसते. आणि जिथे नशीब गुपचूप हात मारून जातं, तिथे त्यांना निव्वळ कर्तृत्व दिसतं.

आधी ड्राफ्ट. इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. नवे खेळाडू संघ पाळीपाळीने उचलतात आणि दुबळ्या संघाला आधी संधी मिळते. मग काय, शेवटून पहिलं येण्याची चढाओढ लागते, ज्याला टँकिंग म्हणतात. त्यावर उतारा म्हणजे लॉटरी. १ ते १४ आकड्यांचे चेंडू, त्यातले चार काढायचे. असे १,००१ संच होतात. एक बाद आणि उरलेले हजार संच संघांमध्ये वाटलेले. ज्याचा संच निघाला, त्याला खेळाडू उचलायचा पहिला नंबर. २०२५ ला तळाच्या तिघांना १४० प्रत्येकी.

मे २०२५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सकडे हजारातले किती होते? १८. आणि पहिला नंबर त्यांनाच लागला! कूपर फ्लॅगसारखा, ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा होता असा पोरगा पदरात पडला. फेब्रुवारीत याच संघाने आपला हुकमी हिरो लुका डॉन्चिचला लेकर्स संघाकडे धाडलं होतं, लोक स्टेडियमबाहेर बोंबलत होते. आपल्याकडे दैव देतं आणि कर्म नेतं. डॅलसला आधी कर्माने नेलं, मग दैवाने दिलं. साहजिकच सगळे ओरडले: 'बघा, लुकाची भरपाई!'

हा संशय जुनाच आहे. १९८५ ची पहिली लॉटरी, त्या वर्षी सगळ्यांना हवा असलेला पॅट्रिक युइंग न्यूयॉर्कला, आणि 'हाताला गार लागून ओळखू यावं म्हणून न्यूयॉर्कचं पाकीट फ्रीजमध्ये ठेवलं होतं' ही दंतकथा आजही जिवंत. मला विचाराल तर २०२५ ला सेटिंग नव्हती. सेटिंग करणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यात खुपेल असाच निकाल कशाला लावेल? पण एनबीएची चूक एक आहेच. चेंडू बंद खोलीत निघतात. आत संघांचे प्रतिनिधी, ऑडिटर, काही पत्रकार, तेही फोन बाहेर ठेवून. आपल्याला टीव्हीवर दिसतात ती नंतर उघडलेली पाकिटं. अहो, यंत्रच दाखवा की लाइव्ह!

खरं रडायचं असेल तर यूटा जॅझसाठी रडा. ८२ पैकी ६५ सामने हरले, आपला स्टार लॉरी मार्कनेनला बसवून ठेवलं म्हणून लीगला एक लाख डॉलर दंड भरला, आणि हाती आला पाचवा नंबर. त्या नंबरवर त्यांनी घेतला एस बेली, ज्याने ड्राफ्टआधीची फिलाडेल्फिया संघाची चाचणी-भेट रद्द केली म्हणून महिनाभर त्याला 'माजलेला' म्हणत होते. मी बेलीच्या बाजूने आहे. अठरा वर्षांच्या मुलाला शहर निवडता येत नाही, मालक निवडता येत नाही. नको त्या दारात न जाणं एवढंच त्याच्या हातात आहे. ते त्याने केलं, तर बिघडलं कुठे?

आता बेसबॉल. २०२५ चा हंगाम बघा. मिलवॉकी ब्रुअर्स, ९७ विजय, अख्ख्या लीगमध्ये अव्वल. डॉजर्सशी सहा सामने खेळले, सहाच्या सहा जिंकले. 'यांचं गणित डॉजर्सला सुटत नाही,' असं सांगणारे पंडित गल्लोगल्ली. ऑक्टोबरमध्ये तेच दोन संघ, चार सामने, चारही डॉजर्सचे. ब्रुअर्सनी चार सामन्यांत मिळून चार धावा केल्या!

मग वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे डॉजर्स विरुद्ध टोरोंटो ब्लू जेज या फायनलचा सातवा आणि शेवटचा सामना. टोरोंटोत रात्र, आपल्याकडे रविवारी २ नोव्हेंबरची सकाळ. नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये ब्लू जेज ४-३ ने पुढे, दोन आउट काढले की कप घरी. समोर डॉजर्सचा मिगेल रोहास. हा हातमोज्यासाठी, म्हणजे फील्डिंगसाठी संघात घेतलेला माणूस, षटकारवीर नव्हे. त्याने होमर मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर, ४-४. पुढच्या अर्ध्या इनिंगमध्ये सगळे बेस भरलेले, एक धाव दिली की हरले, अशा वेळी याच रोहासने तोल जाता जाता चेंडू उचलून होम प्लेटवर फेकला. तिथे चेंडू झेलणाऱ्या विल स्मिथचा पाय प्लेटवरून सुटला, परत टेकला, धावणारा आउट. इंचाचा मामला. अकराव्यात स्मिथचाच होमर, ५-४, खेळ खलास. उद्या कुणी म्हणालं, 'मी आधीच सांगितलं होतं', तर त्याला विचारा, रोहासचं सांगितलं होतं का?

आणि त्याच दिवशी नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला. साखळीत सलग तीन सामने हरून चौथ्या आलेल्या मुली! गुणतक्ता बघून त्यांच्यावर कोण पैज लावणार होतं?

तरी भाकीत करायचंच असेल, तर माझा ठोकताळा घ्या. विजयांचा आकडा झाका. हंगामाच्या १६२ सामन्यांना पाच स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारे पिचर लागतात, ऑक्टोबरमध्ये तीन पुरतात. त्या तिघांचे खांदे सप्टेंबरअखेर कसे आहेत ते बघा. डॉजर्सच्या यामामोतोने सहावा सामना जिंकून दिला आणि दुसऱ्याच दिवशी सातव्याचे शेवटचे आठ आउटही त्यानेच काढले. ब्लू जेजकडे त्या घडीला असा हात नव्हता. तर तुमच्या संघाचे तीन स्टार्टर खाली लिहा. चौथं नाव लिहिलंत, तर मी ते वाचणारच नाही.