आडवा पास

(दृश्य : कोथरूडमधला एक फ्लॅट. टीव्हीवर सामना. जमिनीवर चहाचे रिकामे कागदी कप.)

१८ नोव्हेंबर २०२५. सामना ढाक्यात चाललाय, आरडाओरडा कोथरूडमध्ये. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारत बांगलादेशविरुद्ध एका गोलने मागे आहे, आणि या हॉलमध्ये टीव्हीचा आवाज कधीच बंद केलाय. कॉमेंट्री इथेच सुरू आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा सोफ्याला पाठ टेकून सांगतोय : "सेंटर बॅक... दुसरा सेंटर बॅक... राइट बॅक... थांबला, बघतोय... परत सेंटर बॅक." म्हणजे बॉल आपल्याच बचावपटूंमध्ये फिरतोय. गंमत म्हणजे तो बॉलच्या मागून बोलत नाहीये. आधी याच्या तोंडून पास निघतो, मग खेळाडूच्या पायातून.

"पीएमटीची बस आहे रे ही," मागून कुणीतरी म्हणतं. "प्रत्येक स्टॉपला थांबणार म्हणजे थांबणार."

हशा पिकतो. सामना ०-१ असाच संपतो. बांगलादेशकडून भारत हरला तो २००३ नंतर पहिल्यांदाच.

पण या मंडळींचा राग हरण्यावर आहे असं समजू नका. राग आहे तो या संथ, आडव्या पासांवर. हरणं पुण्याच्या फुटबॉलवाल्यांच्या अंगवळणी पडलंय.

(दृश्य : बालेवाडीचं क्रीडासंकुल. रिकामा स्टँड.)

१९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं हे बालेवाडीचं संकुल. इथे पुणे एफसी खेळायची. २००७मध्ये सुरू झाली, २०१२-१३च्या आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरी आली आणि २०१५मध्ये गाशा गुंडाळून मोकळी झाली. भारत एफसी आली, एक हंगाम खेळली, गेली. डीएसके शिवाजियन्स २०१७पर्यंत टिकली. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटीने मात्र खरा जीव लावला होता. 'ऑरेंज आर्मी' नावाची तिच्या समर्थकांची फौज याच स्टँडमध्ये घसा फोडायची. मार्च २०१८ला संघ उपांत्य फेरीत पोचला. बंगळुरू एफसीविरुद्धचा इथला सामना ०-० सुटला. बंगळुरूला गेल्यावर ३-१ने हरलो, आणि समोरच्यांचे तिन्ही गोल एकट्या सुनील छेत्रीचे, म्हणजे भारताच्याच कर्णधाराचे. पुढच्या वर्षी क्लबच बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली.

थोडक्यात, शिव्या घालायलासुद्धा घरचा संघ उरला नाही. मग सगळा राग निळ्या जर्सीवर निघतो.

शनिवारी रात्री इंग्लंडची प्रीमियर लीग बघून झालेली असते, त्यामुळे डोळ्यांना वेगाची चटक लागलेली. ही तुलना बरोबर नाही हे यांनाही कळतं, तरी ती होतेच. आणि संथपणाचा राग तिकडेही काही कमी नसतो. २०१५-१६मध्ये प्रशिक्षक लुई व्हान गालच्या मँचेस्टर युनायटेडने लीगच्या ३८ सामन्यांत मिळून ४९ गोल केले. ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावर स्वतःचेच प्रेक्षक 'अटॅक, अटॅक, अटॅक' असं ओरडायचे. हंगामाच्या शेवटी व्हान गालने एफए कप जिंकून दिला आणि दोनच दिवसांत त्याला नारळ मिळाला. कप जिंकूनही लोक निवळले नाहीत, कारण तक्रार कपाची नव्हतीच.

आता आपले आकडे बघू. १६ नोव्हेंबर २०२३ला कुवेतमध्ये मनवीर सिंगने गोल केला आणि भारत १-०ने जिंकला. त्यानंतरचे सात सामने काढा. कतारकडून ०-३. मग आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया, तीन पराभव आणि एकही गोल नाही. अफगाणिस्तानशी ०-०. गुवाहाटीत पुन्हा अफगाणिस्तान, तिथे १-२. आणि ६ जून २०२४ला कोलकात्यात छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतशी ०-०. सात सामन्यांत एक गोल, तोही पेनल्टीवर, तोही छेत्रीचाच. गुवाहाटीतला तो त्याचा १५० वा आंतरराष्ट्रीय सामना होता. नंतर दोहामध्ये विंगर छांगटेने कतारविरुद्ध गोल केला, तोवर चालू खेळातून एक गोल निघालेला नव्हता. २०२४ हे पूर्ण वर्ष एकाही विजयाशिवाय सरलं. मार्च २०२५मध्ये निवृत्त छेत्रीला परत बोलावलं, आणि मालदीवविरुद्ध गोल करणाऱ्यांत तो होताच.

तोपर्यंत प्रशिक्षक इगोर स्टिमॅक गेले होते, मानोलो मार्केझ आले होते. मग तेही गेले आणि खालिद जमील आले. सोफ्यावरची कॉमेंट्री फारशी बदलली नाही.

(दृश्य : जमिनीवर मांडलेले आठ कप. क्लोजअप.)

संथ म्हणजे नेमकं काय, ते दाखवायला ग्रुपमधली एक मुलगी पुढे सरसावते. ही कॉलेजच्या संघात मिडफिल्ड खेळते. चार कप एका ओळीत, त्यांच्या पुढे आणखी चार. हा समोरचा बचाव. बॉल म्हणून बाटलीचं निळं बूच. बूच डावीकडे सरकवते, आठही कप हाताने डावीकडे ढकलते. बूच उजवीकडे, कप उजवीकडे.

"मैदान अडुसष्ट मीटर रुंद असतं," ती सांगते. "या टोकाचा बॉल त्या टोकाला न्यायला आपण चार पास घेतो. प्रत्येक जण आधी बॉल थांबवतो, मग मान वर करतो, मग देतो. झाले की आठ-दहा सेकंद! यांना किती सरकायचंय? पंधरा मीटर. चालत चालत पोचतील."

मग तेच बूच ती बोटाच्या एका टिचकीने पलीकडे उडवते. कप जागच्या जागी राहतात, आणि उजवीकडे हातभर फरशी मोकळी दिसते.

"एवढंच. एका टचमध्ये. नाहीतर इथून," ती दोन ओळींच्या मधल्या फटीत बोट ठेवते, "इथे कुणीतरी उभं राहून बॉल मागायला हवा. आपला माणूस तिथे जातच नाही. गेला तरी पाठ गोलकडे, आणि मागे कोण आहे ते बघितलेलं नसतं. आला बॉल की दे परत."

मग उरते साइडलाइन. फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, बॉल मिळतो तेव्हा एका बाजूला चुन्याची रेघ असते. पुढे ढकल, मागे दे किंवा डोळे मिटून क्रॉस मार. बचाव करणाऱ्यांना हे तिन्ही पाठ असतात. म्हणून बचाव पुढे येऊन बॉल हिसकावायच्या फंदातही पडत नाही. वाट बघतो.

हे असं का होतं, यावर या हॉलमध्ये पहाटेपर्यंत वाद घालता येईल. मला सगळ्यात पटणारं कारण लीगमध्येच आहे. आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानात एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालायचे. २०१७ला ते पाच झाले, २०२१-२२पासून चार. क्लबांनी या जागा कुठे वापरल्या? बहुतेकांनी मधल्या कण्यात. नऊ नंबर, म्हणजे गोल करणारा, परदेशी; त्याच्यामागचा दहा नंबर, म्हणजे गोल घडवणारा, तोही परदेशी. पुण्याचंच उदाहरण घ्या. उपांत्य फेरी गाठणाऱ्या त्या संघात गोल करायला एमिलियानो अल्फारो होता आणि गोल घडवायला मार्सेलिन्हो. आपली पोरं कडेला धावली आणि मागे बचाव केला. क्लबचं काम भागलं. राष्ट्रीय संघ मैदानात उतरतो तेव्हा नेमक्या त्याच दोन जागा रिकाम्या दिसतात. छेत्री होता तोवर एक भरलेली होती, म्हणून दुसरी खुपली नाही.

त्यात त्या नोव्हेंबरात आयएसएलचा नवा हंगामच सुरू झालेला नव्हता. आधी सामन्यांचा सराव तरी हवा, मग पासच्या वेगाचं बोलू. पात्रता फेरीच्या पहिल्या पाच सामन्यांत भारताचे गोल दोन, दोन्ही सिंगापूरविरुद्ध. एक अगदी शेवटी समोरच्यांच्या चुकीमुळे मिळालेला, दुसरा छांगटेने लांबून हाणलेला. पास जोडत जोडत विणलेला त्यांत एकही नाही.

(दृश्य : बाणेरमधला एक टर्फ. संध्याकाळ. फ्लडलाइट. बारा-तेरा वर्षांची मुलं.)

बाणेर, वाकड, हिंजवडी. रिकामा प्लॉट दिसला की जाळी आणि टर्फ. पुण्यात फुटबॉल खेळणारी मुलं आज जितकी दिसतात तितकी कधी नव्हती. इथल्या प्रशिक्षकाने आज नियम घातलाय : फक्त दोन टच, म्हणजे बॉलला दोनदाच पाय लावायचा. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. बॉल जाळीवर आदळतोय, कुणाच्या नडगीला लागतोय. "मान फिरव! बॉल यायच्या आधी मान फिरव!" सरांचा आवाज बसत आलाय. हळूहळू एक-दोघांना जमायला लागतं. बॉल अजून वाटेत असतानाच मान मागे वळते.

नियम उठवून सामना सुरू होतो. पाच नंबरच्या मुलाला मधोमध बॉल मिळतो. शेजारी मित्र मोकळा उभा आहे, सोपा, आडवा. पोरगा तिकडे बघतच नाही. दोघांच्या मधून सरळ पुढे बॉल सोडतो. कल्पना झकास, पण बॉल जरा जोरात जातो. गोलकीपर उचलतो, फेकतो, आणि समोरचे गोल करून मोकळे.

जाळीबाहेरून एका वडिलांचा आवाज येतो : "अरे, घाई कशाला करतोस? शेजारी मोकळा होता ना!"

मुलगा जाळीकडे बघतो, मग सरांकडे.

सर टाळ्या वाजवतात. "पास बरोबर होता. थोडा हळू सोड. परत दे." आणि जाळीपाशी येऊन आवाज खाली आणत म्हणतात, "काका, काय ओरडायचं ते मला ओरडा. त्याला नको."