शंभर एमबीचं बूट पार्टिशन

(रत्नागिरीत संगणकाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, गेल्या पावसाळ्यात गुहागरकडच्या एका मुलाचा फोन आला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. "सर, लिनक्स अपडेट होत नाही. जागा नाही म्हणतंय, पण डिस्कवर चारशे जीबी मोकळी आहे." मी म्हटलं, अरे, डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ कमांड चालव आणि एकेक ओळ मला वाचून दाखव. रूट मोकळं, होम मोकळं. मग बूट, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा वेगळा कप्पा: आकार ९० एमबी, वापरलेली ७१, शिल्लक १४. "हे एवढंसं पार्टिशन कुणी केलं?" तर म्हणाला, "मीच, सर. लिनक्स घालायच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय तसंच केलं. डिस्कच्या सुरुवातीला, शंभर एमबी."

पोरानं काहीच चुकीचं केलं नव्हतं. आज एका कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सुरू होताना लागणाऱ्या इनिटआरडी या जोडफाइलीसकट पन्नास-साठ एमबी सहज लागतात. पहिला कर्नल त्या जागेत बसला, मशीन छान चालू झालं. महिन्याभरानं दुसरा कर्नल आला आणि तो मावेना. ती मार्गदर्शिका सांभाळणाऱ्यांपैकी मी एक आहे. ते वाक्य माझ्या नजरेखालून कितीदा तरी गेलं होतं.

ते वाक्य आलं कुठून, हे मी त्या रात्री शोधत बसलो. मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम म्हणजे बायोस. जुन्या बायोसला डिस्कवरची जागा सांगायची तर सिलिंडर, हेड आणि सेक्टर असे तीन आकडे द्यावे लागत. त्यात सिलिंडरसाठी बिट होते फक्त १०, म्हणजे सिलिंडर जास्तीत जास्त १०२४. त्याला २५५ हेड, ६३ सेक्टर आणि ५१२ बाइटनं गुणलं की साधारण ८.४ जीबी होतात. त्यापलीकडचं बायोसला दिसतच नसे. कर्नल चढवणारा बूटलोडर बायोसच्याच डोळ्यांनी बघायचा, म्हणून कर्नल त्या हद्दीच्या आत राहावा यासाठी सुरुवातीला छोटं बूट पार्टिशन करायचं. ज्यानं हे लिहिलं त्यानं शेकडो लोकांची मशीनं वाचवली असतील. पुढे बायोसचे विस्तारित कॉल आले, मग बायोसच्या जागी यूईएफआय आलं. कारण संपलं आणि सल्ला तसाच राहिला.

तो का राहिला, याचा मी बराच विचार केला आहे. नवं प्रकरण लिहिलं की लोक कौतुक करतात. जुना परिच्छेद काढणाऱ्याला मात्र भीती वाटते, की हा कुणाच्या तरी कामाचा असेल, मला काय कळतंय, राहू दे. राहू देण्यात कुणाचं काही बिघडत नाही असं वाटतं. पण बिघडतं, आणि बिघडतं ते नवख्याचं. जाणता माणूस ते पान आपोआप ओलांडतो. नवखा प्रत्येक अक्षर मन लावून वाचतो, आणि त्याच्याच हातून शंभर एमबीचं पार्टिशन होतं.

मॉनिटरचंही तसंच. लिनक्सच्या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या एक्सफ्री८६च्या काळात मॉनिटरच्या सिंकचे आकडे हातानं भरावे लागत, आणि चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर बिघडू शकतो असा इशारा असे. काचेच्या नळीच्या त्या मॉनिटरसाठी तो रास्तच होता. आजचा मॉनिटर आपले आकडे स्वतःच संगणकाला कळवतो. तरी तो इशारा वाचून घाबरून थांबलेली मुलं मी पाहिली आहेत.

आपल्याकडे आगोटीच्या आधी घर शाकारतात. गडी छपरावर चढतो, एकेक कौल उचलून बोटानं वाजवतो. बद्द वाजलं तर बाजूला, खणखणीत वाजलं तर परत जागेवर, मग ते आजोबांच्या वेळचं का असेना. कौलाचं वय कुणी विचारत नाही. कागदपत्रांचं काम मला असंच करावंसं वाटतं: हे वाक्य कुठल्या अडचणीसाठी लिहिलं होतं, आणि ती अडचण आज कुणाला येते का?

काही वेळा उत्तर सोपं असतं. लिनक्स कर्नलच्या ६.७ आवृत्तीत, जानेवारी २०२४ मध्ये, इंटेलच्या इटेनियम प्रोसेसरचा कोड निघाला आणि त्याच्याबरोबर त्याची कागदपत्रंही. १९९१ साली ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनस टॉरवाल्ड्सनी लिनक्स लिहायला घेतलं, त्या ३८६चा आधारसुद्धा २०१३च्या ३.८मध्ये काढला. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये जुना मजकूर राहतोच, ज्याला इतिहास हवा त्याला तो मिळतो.

पण मार्गदर्शिकेतलं ३२ बिट मशीनवरचं प्रकरण काढायची वेळ आली तेव्हा मी अडून बसलो. ते काढायचा पॅच, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, आला होता, 'हे हार्डवेअर आता कुणाकडे नाही' अशी एका ओळीची टीप लावून. मी इथल्याच एका शाळेच्या लॅबमध्ये गेलो. बारा मशीनं, खाऱ्या हवेनं पोर्ट गंजलेले, सगळ्यांवर ३२ बिटची सिस्टीम. मुलींनी एकेका मशीनवर प्रोसेसरची माहिती देणारी एलएससीपीयू कमांड चालवून ऑप-मोडची ओळ मोठ्यानं वाचली. अकरांवर '३२-बिट, ६४-बिट' निघालं, म्हणजे प्रोसेसर ६४ बिट चालवू शकत होता, इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. बारावं होतं अ‍ॅटम एन२७०चं नेटबुक, निव्वळ ३२ बिट. डेबियन हा लिनक्सचा एक संच. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. मग त्या नेटबुकवाल्यानं कुठे जायचं? प्रकरण आम्ही काढलंच, बावीस पानं होती. त्याच्या जागी चार ओळी आल्या: प्रोसेसर कसा ओळखायचा, ६४ बिट असेल तर काय घालायचं, नसेल तर डेबियन १२ ही इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती, आणि तिची मार्गदर्शिका कुठे आहे.

आता सीरियल मोडेमचं प्रकरण हाती घेतलंय. डायल-अप तर जाणारच. पण त्याच प्रकरणात सीरियल पोर्टचा वेग, पॅरिटी आणि परवानग्या कशा लावायच्या ते आहे, आणि कितीतरी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे अजून आरएस-२३२ या जुन्या सीरियल जोडणीवरच बोलतात. मोडेमबरोबर तेही गेलं तर काट्याचा आकडा संगणकात आणू बघणाऱ्याला वाचायला काही उरणार नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरची मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात ये-जा आहे, त्यांनी या आठवड्यात तिथल्या काट्यांच्या मागची केबल बघून या. नऊ पिनांची आहे की यूएसबी, एवढंच मला कळवा. तोवर मी ती पानं काढत नाही.