पडका राजवाडा आणि आम्ही दोघं

(कॉर्नमार्क्ट चौक, सकाळ. कॅमेरा मेरीच्या पुतळ्यावरून वर सरकतो. डोंगराच्या अंगावर लालसर दगडी भिंती.)

जर्मनीतल्या हायडेलबर्ग या गावाचं नाव आमच्या घरात दोन वाटांनी आलं. ह्यांच्याकडे प्रयोगशाळेतून. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे बुन्सेन आणि किरखोफ हे इथले शास्त्रज्ञ आमच्याकडे नातेवाइकांसारखी बोलण्यात येतात. माझ्याकडे ते नाव आलं जेजुरीच्या बाजूनं. ते कसं, ते संध्याकाळी सांगते.

मुलगी फ्रँकफुर्टला असते. तिथून आगगाडीनं तासाभराची वाट. तिनं तिकिटं हातात देताना बजावलं होतं, "बाबा, एकच दिवस आहे. प्रत्येक पाटी वाचत उभे राहू नका."

पहिल्याच पाटीपाशी हे उभे राहिले.

(दोरावर चालणारी रेल्वे वर चढताना. मग राजवाड्याचं अंगण.)

वर जायला चढणीची फरसबंद वाट आहे. आम्ही गुडघ्यांचा मान राखून दोरावरची रेल्वे घेतली. राजवाड्याच्या तिकिटातच तिचं भाडं धरलेलं असतं.

अंगणात उभं राहिलं की दोन इमारती शेजारी शेजारी दिसतात. एक धडधाकट, छपरासकट. दुसरी म्हणजे इलेक्टर ओटहाइनरिश यानं १५५६ च्या सुमारास बांधायला घेतलेला महाल. इलेक्टर म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेले मोजके राजे आणि धर्मगुरू. हायडेलबर्ग ही त्यांच्यापैकी एकाची राजधानी. महालाची दर्शनी भिंत पुतळ्यांनी भरलेली, कोरीवकाम अजून रेखीव. आणि वरच्या खिडक्यांतून पाहिलं तर आत खोली नाही. आकाश आहे.

हे म्हणाले, "एवढा श्रीमंत देश. छप्पर घालायला काय झालं होतं?"

तो प्रश्न दिवसभर आमच्याबरोबर फिरला.

मोडला कुणी, ते सरळ आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची भावजय इथली राजकन्या. तिच्या नावानं लुईनं या मुलखावर हक्क सांगितला. तिला स्वतःला ते अजिबात नको होतं. १६८९ मध्ये फ्रेंच फौजेनं गाव जाळलं, १६९३ मध्ये परत येऊन उरलंसुरलं संपवलं आणि राजवाड्याचे बुरूज सुरुंग लावून उडवले. पुढे एका राजानं परत इथं राहायला यायचं मनावर घेतलं, तर १७६४ मध्ये वीज पडून आग लागली. मग गावकऱ्यांनी घरं बांधायला इथले दगड उचलायला सुरुवात केली. आपल्याकडे कित्येक गडांचे चिरे असेच खाली वस्तीत गेले, तेव्हा त्यांना नावं ठेवायचा धीर मला झाला नाही.

(खंदक. फुटलेला दारूगोळ्याचा बुरूज.)

हा तो बुरूज. भिंतीची जाडी सुमारे साडेसहा मीटर. सुरुंग उडाला तेव्हा त्याचा चुरा झाला नाही. अर्धी बाजू अखंड सुटली आणि खंदकात टेकून राहिली, ताटातून वडी निसटावी तशी. आजही तशीच आहे. कापलेल्या बाजूनं आतले मजले, कमानी सगळं दिसतं. ह्यांनी इथं फोटो काढला नाही. खूप वेळ नुसते पाहत होते.

लूट थांबवली ती एका फ्रेंच माणसानंच. शार्ल द ग्रँबेर नावाचा सरदार १८१० मध्ये चित्रं काढायला इथं आला आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत राहिला. त्यानं दगड नेणाऱ्यांना अडवलं, पडक्या भिंतींची चित्रं छापून विकली, आणि ती पाहून युरोपभरातून लोक येऊ लागले.

पुढे पैसा आला, तशी पुन्हा सगळं उभं करायची टूम निघाली. ती धडधाकट इमारत, इलेक्टर फ्रीडरिशची, १८९७ ते १९०० या काळात नव्यासारखी करून झाली. आता शेजारचीही करू, असं ठरत होतं. तेव्हा गेओर्ग डेहिओ या कला-इतिहासाच्या प्राध्यापकांनी जोरदार विरोध केला. आहे ते जपा, हरवलेलं नव्यानं घडवू नका, असं त्यांचं म्हणणं. वाद वर्षानुवर्षं चालला, आणि छप्पर काही चढलं नाही.

मला विचाराल तर बरंच झालं. दुरुस्त केलेल्या महालासमोर मी दोन मिनिटं थांबले असेन. ह्यांना मात्र पटलं नव्हतं. "म्हणजे गळकं घर गळकंच ठेवायचं?"

(तळघर. लाकडी पिंप.)

तळघरातलं हे पिंप बघायला सगळ्यात मोठी रांग. १७५१ सालचं, १३० ओक झाडांचं लाकूड, मावेल सुमारे २ लाख २० हजार लिटर वाइन. शेतकऱ्यांकडून कर म्हणून आलेली बरीवाईट वाइन यात एकत्र ओतत. चव कशी असेल, ते विचारू नका. समोर पर्केओ या दरबारी ठेंगूचा पुतळा. तो आयुष्यभर वाइन प्याला आणि एकदा चुकून पाणी प्यायल्यामुळे मेला, अशी दंतकथा.

(खाली गाव. पवित्र आत्म्याचं चर्च. भिंतींना लागून दुकानं.)

या चर्चच्या बाहेरच्या खांबांच्या मधल्या फटींत दुकानं बसवलेली आहेत. देवळाबाहेर हार-प्रसादाची असतात, तशीच दाटीवाटीनं. आत गेल्यावर जे दिसत नाही ते ऐकण्यासारखं: १७०६ पासून १९३६ पर्यंत मधोमध एक भिंत होती. अलीकडे प्रोटेस्टंट, पलीकडे कॅथलिक. दोनशे तीस वर्षं एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडं.

वरच्या सज्जांत एके काळी युरोपातलं एक नावाजलेलं ग्रंथालय होतं. १६२२ मध्ये गाव कॅथलिक फौजेच्या हाती पडलं, आणि पुढच्या वर्षी विजेत्यांनी ती पुस्तकं पोपला भेट म्हणून खेचरांवर लादून रोमला पाठवली. १८१६ मध्ये ८४७ जर्मन हस्तलिखितं परत आली. बाकीची बहुतेक अजून व्हॅटिकनमध्ये आहेत.

हे एका खिडकीपाशी थबकले होते. लालभडक काच. तिच्यावर आइनस्टाइनचं समीकरण, E च्या जागी काय नि mc² च्या जागी काय, ते ह्यांना सांगावं लागत नाही. आणि तारीख: ६ ऑगस्ट १९४५. हिरोशिमा. जे समीकरण फळ्यावर इतकी वर्षं लिहिलं, ते चर्चच्या खिडकीत पाहून हे बाहेर येईपर्यंत बोलले नाहीत.

(हाउप्टश्ट्रासे, गावातला मुख्य रस्ता. माणसांची वर्दळ.)

विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं. त्याचा स्वतःचा तुरुंग होता, १९१४ पर्यंत चालू. रात्री दंगा केला, पोलिसांना उलट बोललं, की विद्यार्थ्याची रवानगी इथं. तासांना मात्र बसायची मुभा. भिंतीवर एक इंच मोकळा नाही. सगळीकडे काजळीनं काढलेले चेहरे, नावं, तारखा. हे म्हणाले, आमच्या शाळेचे बाकसुद्धा असेच.

आणि ५२ नंबरचं घर. राक्षसाचं घर म्हणतात त्याला. १८५९ मध्ये याच घरात किरखोफनं सूर्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेघांवरून सूर्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते ओळखलं. समोर बुन्सेनचा पुतळा. दोघांनी मिळून ही पद्धत बसवली, आणि नऊच वर्षांत, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला, हीच युक्ती घेऊन शास्त्रज्ञ गुंटूरला पोचले होते. आपल्या विजयदुर्गावरही त्या ग्रहणाची आठवण म्हणून ओटे दाखवतात. हे दारावरची पाटी वाचत होते. मी लेकीचं ऐकलं नाही, वाचू दिली.

तेवढ्यात मी एक चॉकलेट घेतलं. 'विद्यार्थ्याचं चुंबन' असं त्याचं नाव. मुलींबरोबर सदैव कुणी वडीलधारी असायची, म्हणून मुलं हे चॉकलेट देऊन मन कळवत, अशी गोष्ट सांगतात. ते ह्यांच्या खिशात टाकलं.

(जुना पूल. नदीपलीकडे वळणावळणाची चढण.)

पूल १७८८ चा. त्याआधीचे आठ पुरानं, बर्फानं, आगीनं आणि लढायांनी नेले. यालाही मार्च १९४५ मध्ये पळणाऱ्या जर्मन फौजेनंच सुरुंग लावला. १९४७ मध्ये तो पुन्हा जोडला. पुलाला छप्पर घालायचा वाद झाला नाही, कारण त्यावरून रोज जायचं असतं.

पलीकडची चढण 'तत्त्वज्ञांची वाट' नावाच्या रस्त्याला लागते. तत्त्वज्ञान सुचण्याइतका दम मला उरला नव्हता.

(बाकावरून दिसणारं गाव. उन्हं उतरतात.)

आता जेजुरीचं. आमचं कुलदैवत खंडोबा. गुंथर सोंथायमर या हायडेलबर्गच्या प्राध्यापकांनी खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांच्यामागं आयुष्य घातलं. धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले, त्यांच्या ओव्या ऐकल्या, टिपून घेतल्या, मराठीतून बोलले. १९९२ मध्ये ते गेले. खाली दिसणाऱ्या या गावात बसून कुणीतरी म्हसकोबाच्या लग्नाची ओवी पुन्हा पुन्हा ऐकत असेल, हे मला समोरच्या राजवाड्यापेक्षा नवलाचं वाटतं.

मी हे बोलत होते तोवर पलीकडे दिवे लागले. पडक्या भिंती उजळल्या. ह्यांनी खिशातून चॉकलेट काढलं. चढणीवर दबून त्याचे तुकडे झाले होते. हे कागदावर ते तुकडे नीट जुळवायला लागले.

म्हटलं, "अहो, छप्पर घालत बसू नका. द्या तसंच."