आधी मूळ बघा, मग कुंडी घ्या

(मुंबईतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मृग आठ-दहा दिवसांवर आलाय. दादरच्या फुटपाथपासून बोरिवलीच्या नर्सऱ्यांपर्यंत रोपांच्या काळ्या पिशव्या ओळीने मांडल्यात, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांची खरेदीची यादी मनात तयार आहे. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम याच आठवड्यात मागून घेतला. कुठल्या रोपाला केवढी कुंडी घ्यायची, आणि रोप एका कुंडीतून दुसरीत कधी, कसं हलवायचं. वही काढून बसलेल्या ताईंनी थोडा धीर धरावा, मापं येणार आहेत.

त्याआधी मला एक जुनं भांडण मांडायचंय. कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे कोण कोण घालतं? हात वर करा. वा, अर्धं सभागृह! उरलेल्यांतले काही जण शेजारच्याकडे बघताहेत, तेही मी मोजले.

पाण्याचा निचरा व्हावा म्हणून आपण खडी घालतो. हेतू चांगला आहे, पण परिणाम नेमका उलटा होतो. हा स्पंज बघा, घरातून आणलाय, भांडी घासायचा, नवा. या टबात पूर्ण भिजवला आणि तळहातावर आडवा धरला. आधी धार, मग थेंब, आता थेंबही थांबले. मागच्या रांगेला दिसतंय ना? आता काहीही न पिळता मी तो नुसता उभा करतो. बघा, पुन्हा गळायला लागला! पाणी आत होतंच, गळायचं थांबलं होतं एवढंच.

कुंडीतली माती अशीच वागते. भोकातून पाणी यायचं थांबलं म्हणजे माती निथळली असं आपण धरून चालतो. पण तळाशी काही बोटं जाडीचा थर गच्च ओला राहतो. मातीतल्या बारीक पोकळ्या ते पाणी सोडत नाहीत. हा थर किती जाड, ते मातीच्या बारीकपणावर ठरतं, कुंडीच्या आकारावर नाही. म्हणून उथळ कुंडीत बरीचशी माती ओलीगच्च राहते आणि उंच कुंडीत वरच्या मुळांना कोरडी जागा मिळते. आता तळाशी खडी भरली तर काय होईल? बारीक पोकळीतलं पाणी खडीच्या मोठ्या फटीत सहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडकून राहतं. म्हणजे तो ओला थर नाहीसा झाला नाही, खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसला. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी उपडी ठेवा. ढीग नको.

हे मी एवढं तळमळीने का सांगतोय, तर आपल्याकडच्या पावसामुळे. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. वर हवा इतकी दमट की पानांतून पाणी उडायचा वेग मंदावतो. बाल्कनीतली रोपं मेच्या उन्हात वाचतात आणि जुलैत मरतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आमच्या इमारतीतली गोष्ट सांगतो. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कढीपत्त्याचं वीतभर रोप आणलं. कढीपत्ता पुढे झाड होणार, मग सारखी कुंडी बदलायची कटकट कशाला, म्हणून भंगारवाल्याकडून तो निळा ड्रम अर्धा कापून घेतला. तळाला भोकं पाडली, वर अर्धी घमेली खडी घातली, लाल माती भरली आणि मधोमध ते एवढंसं रोप. दिसायला फार छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

जुलैत पानं पिवळी पडली. रोप उपाशी असेल म्हणून शेणखत पडलं. मग पानं मलूल झाली. तहान लागली असेल म्हणून आणखी पाणी. ऑगस्टमध्ये त्यांनी मला वर बोलावलं. आम्ही दोघांनी ते रोप उपटलं, तर खालच्या मातीला गटारासारखा वास. मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात फक्त दोरा राहिला. मुळं कुजली की मलूल पानं तहानलेल्या रोपासारखीच दिसतात, म्हणून माणूस त्यालाच आणखी पाणी घालतो. वहिनींनी जे केलं ते जिव्हाळ्यानेच केलं होतं.

झालं काय होतं? त्या रोपाची मुळं जेमतेम दीड-दोन लिटर मातीत होती. बाकीच्या मातीतलं पाणी प्यायला कुणीच नव्हतं. ती माती आठवडेच्या आठवडे ओली राहिली, तिच्यातली हवा संपली. मुळालाही श्वास घ्यावा लागतो, आणि गुदमरलेल्या मुळावर बुरशी लगेच बसते. आम्ही कुजलेला भाग कापला, उरलेलं रोप धारावीच्या कुंभारवाड्यातल्या आठ इंची मातीच्या कुंडीत लावलं, पावसाची झड लागणार नाही असं ठेवलं. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही ओल बाहेर पडते, पावसाळ्यात मी तिलाच पसंती देतो. नवरात्रापर्यंत नवी पालवी आली. त्या ड्रममध्ये वहिनींनी अळू लावला. त्याला पाय ओले चालतात. अळूवड्या आमच्याकडेही आल्या.

भजनी मंडळाला सभागृह द्यायचंय आणि आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा कबूल केलेलं आता भराभर घेतो. लिहा.

कुंडी आज असलेल्या मुळांच्या मापाने घ्यायची. पुढची कुंडी व्यासाने दोन ते चार इंच मोठी. पावसाळ्यात दोनच, ऑक्टोबरनंतर चार चालतील. सहा इंचांवरून एकदम बारा म्हणजे दुप्पट नव्हे, उंचीही त्याच प्रमाणात वाढत असल्याने माती आठपट होते. टोमॅटो पेल्यातून सहा इंचीत, तिथून दहा इंचीत, मग बारा इंचीत. वांगं तसंच. मिरचीला शेवटची दहा इंची पुरते. लिंबू, कढीपत्ता आठ, बारा, सोळा, मग अठरा, आणि हे काही वर्षांत. मेथी-कोथिंबिरीला सहा इंच खोल पसरट ट्रे. मुळा, गाजर जागेवरच पेरा, हलवू नका. काकडी, दोडका यांच्या मुळांना धक्का सोसत नाही, दोन-तीन पानांवर असतानाच हलवा.

कधी हलवायचं? कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातले, म्हणजे स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातले, द्राक्षबागायतदार पांढऱ्या, म्हणजे नव्या कोवळ्या मुळीवर नजर ठेवून असत. आपणही तेच करायचं. खोड दोन बोटांत धरून कुंडी उलटी करा, काठ ओट्यावर हलकेच आपटा. मातीचा गोळा अख्खा आला आणि कडेने पांढऱ्या मुळ्या दिसल्या की वेळ झाली. माती ढासळली तर थांबा. मुळ्या गोल गोल फिरल्या असतील तर मोकळ्या करा, घट्ट असतील तर बाजूने तीन-चार उभे काप द्या.

सकाळी पाणी, संध्याकाळी बदली. रोप पहिल्या इतकंच खोल लावायचं. टोमॅटो मात्र खालच्या पानांपर्यंत पुरा, त्याच्या खोडाला मुळं फुटतात. कलमाचा सांधा मातीच्या वरच हवा. तीन-चार दिवस सावली, दोन आठवडे खत नाही.

आणि वजन! बारा इंची कुंडी ओल्या लाल मातीने भरली की वीस किलोच्या वर जाते. ग्रिलमध्ये ती ठेवू नका, खाली माणसं चालतात. अर्धं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, आणि गांडूळखत घातलं तर बरीच हलकी होते.

चिठ्ठी आलीय, नर्सरीतला सोनचाफा आठ इंची पिशवीत आहे, आत्ता काय करू? ताई, पिशवी फाडायच्या आधी ती दाबून बघा. आत चिकट लाल मातीचा गोळा असेल तर तो आणि बाहेरचं भुसभुशीत मिश्रण एकाच वेळी ओलं-कोरडं होत नाही. गोळ्याची बाहेरची अर्धा इंच माती पाण्यात अलगद सोडवा, म्हणजे मुळ्या नव्या मातीला टेकतील. मग दहा इंची कुंडी. बारा इंची पुढच्या वर्षी.