घडीचा चाकू सांध्यात गंजतो

(बडोद्यातल्या मराठी वाचक-श्रोत्यांसमोर पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एवढ्याशा चाकूवर तासभर काय बोलणार, असं आत येताना दोघा-तिघांनी विचारलं. मी कलाभवनात धातुशास्त्र शिकलो. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने सुरू झालेलं ते कलाभवन. पुढे सगळी नोकरी आपल्याच पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत झाली. टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह कुठे आणि का गंजतात हे बघणं हेच काम. पोलादाला जे प्रश्न तिथे विचारायचे, ते सगळे खिशातल्या घडीच्या चाकूला विचारता येतात. त्याला पातं आहे, सांधा आहे, स्प्रिंग आहे, स्क्रू आहेत, आणि दिवसभर तो घामात राहतो.

आधी हे टेबलावरचं बघा. काल संध्याकाळी लिंबाच्या रसात मीठ कालवलं, त्यात तीन फडकी भिजवली आणि तीन चाकूंची पाती त्यांत गुंडाळून ठेवली. आज सकाळी उघडली. पहिलं पातं साध्या कार्बन पोलादाचं. काळं पडलंय, वर केशरी पुटं आलीत. यात कुणाला नवल वाटणार नाही, लोखंडी विळीवर कैरी चिरली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं पातं डी-२ या पोलादाचं. हल्ली ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच चाकूंवर हे नाव कोरलेलं असतं. चकाकी शिल्लक आहे, पण पात्याच्या पाठीजवळ तपकिरी ठिपके पडलेत. मागच्यांना दिसणार नाहीत, नंतर जवळ येऊन बघा. तिसरं पातं १४सी२८एन नावाच्या स्वीडिश पोलादाचं, ते जसं ठेवलं तसं निघालं. पण याच तिसऱ्या चाकूचा स्क्रू बघा, पातं मुठीला धरून ठेवणारा. त्याच्या डोक्यातल्या चांदणीसारख्या खाचेत केशरी रंग भरलाय. पातं उत्तम आणि स्क्रू गंजलेला. मला आज जे सांगायचंय ते या स्क्रूबद्दल आहे, पण तिथे पोचायला आधी पात्याचं गणित समजून घ्यावं लागेल.

पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियमचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसतो. हा थर काही नॅनोमीटरचाच, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागांत मोजायचा. ओरखडा पडला की तो आपोआप पुन्हा धरतो. इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रेअरली या धातुशास्त्रज्ञाने १९१३ साली असं पोलाद ओतलं, त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. तो शोधत होता बंदुकीच्या नळीसाठी चांगलं पोलाद, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग झाला जेवणाच्या सुऱ्यांना.

गोम अशी की धार टिकायला पातं कडक हवं आणि कडक व्हायला कार्बन हवा. तो कार्बन क्रोमियमला धरून बसतो. दोघांची कार्बाइडं, म्हणजे संयुगं, बनतात, आणि त्यांत एक भाग कार्बन स्वतःच्या वजनाच्या दहापट क्रोमियम अडकवू शकतो. अडकलेलं क्रोमियम थर बांधायला उरत नाही. डी-२ मध्ये क्रोमियम १२ टक्के आहे, कागदावर ते स्टेनलेस ठरेल, पण कार्बन दीड टक्का. प्रत्यक्ष कामाला मोकळं राहतं ते निम्म्याच्या आसपास. म्हणून ते ठिपके. उलट मॅग्नाकट हे २०२१ साली आलेलं पोलाद घ्या, अमेरिकेतल्या लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने रचलेलं. त्यात क्रोमियम १०.७ टक्केच, डी-२ पेक्षा कमी! पण कार्बनला बांधून ठेवायला व्हॅनेडियम आणि नायोबियम हे दुसरे धातू घातलेत, त्यामुळे जवळपास सगळं क्रोमियम मोकळं राहतं आणि पातं गंजायला सहसा तयार होत नाही. मला हे काम फार सुंदर वाटतं. एखादी गोष्ट जास्त घालण्याऐवजी जी आहे ती अडकू न देणं, एवढाच विचार त्यामागे आहे. पण महाग आहे, आणि पेरू चिरायला त्याची गरज नाही, हेही सांगतो.

तेव्हा चाकूवर नुसते क्रोमियमचे टक्के वाचू नका, शेजारी कार्बन किती तेही बघा. १४सी२८एन मध्ये क्रोमियम १४ आणि कार्बन ०.६२ टक्के, शिवाय थोडा नायट्रोजन. आठसीआर-१३ नावाचं चिनी पोलाद स्वस्त चाकूंत खूप दिसतं. त्यात कार्बन ०.८ च्या आसपास, क्रोमियम १३. पुसून ठेवणाऱ्याला तेही चालतं. ४४०सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास, पण क्रोमियम १६ ते १८, म्हणून ते निभावतं. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी एच-१ आणि एलसी-२००एन अशी पोलादं आहेत. त्यांत कार्बन अगदी कमी ठेवून नायट्रोजनचा आधार घेतलेला असतो. कुणी दहेजच्या बंदरावर कामाला असेल किंवा वरचेवर कावी-कंबोईच्या खाडीत उतरत असेल तर त्याने ती जरूर बघावीत. शहरातल्या शहरात, मांडवी ते अलकापुरी फिरणाऱ्याला ती लागत नाहीत.

इथे चुंबकाबद्दल सांगायलाच हवं. भांड्याच्या दुकानात चुंबक लावून बघायची आपली सवय आहे: चिकटला म्हणजे स्टील हलकं. चाकूला ही परीक्षा लावू नका. भांड्याचं १८-८ स्टील (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) चुंबकाला सहसा चिकटत नाही हे खरं, पण ते तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही, त्याला टिकाऊ धार लागतच नाही. कडक होणारं चाकूचं स्टेनलेस जवळपास सगळं चुंबकाला चिकटतं. चिकटला म्हणून चांगला चाकू परत ठेवू नका. आणि खरं तर भांड्यांनाही ती परीक्षा पुरत नाही. निकेल कमी करून मँगनीज घातलेलं हलकं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही.

आता त्या स्क्रूकडे, म्हणजे सांध्याकडे येऊ. हा आणखी एक चाकू मी खोलून आणलाय. पातं ज्या खिळ्याभोवती फिरतं त्याच्या दोन्ही बाजूंना या पातळ चकत्या असतात, वॉशर. पातं आणि चकती यांच्यामध्ये केसाएवढीही फट नसते. घाम, लिंबाचा रस, चिकूचा चीक त्यात शिरतो, आणि एकदा शिरला की लवकर बाहेर येत नाही. ऑक्साइडचा थर दुरुस्त व्हायला प्राणवायू लागतो असं मघाशी म्हटलं. फटीतला प्राणवायू वापरून संपतो, नवा आत पोचत नाही. घामातल्या मिठाचं क्लोराइड तिथे साठत जातं, आतला ओलावा हळूहळू आम्लधर्मी होतो आणि धातूत बारीक खड्डे पडायला लागतात. कारखान्यात फ्लँजच्या, म्हणजे पाइपच्या जोडावरच्या कड्यांच्या, गॅस्केटखाली अगदी हेच बघितलंय. बाहेरून पाइप नवा दिसतो, खोलला की कडेला टाचणीने टोचल्यासारखी भोकं. या चाकूत भिंगातून बघा, चकतीखाली जिथे पातं झाकलेलं होतं तिथे काळे खड्डे गोल रांगेत दिसतील. धारेवर एकही नाही, कारण धार तुम्ही पुसता. सांधा कोण पुसतो?

यात आपल्या पावसाळ्याचा मोठा वाटा आहे. जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, ते का? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळतं. मॅग्नेशियमचा अंश असलेलं मीठ त्याआधीच. घाम वाळून सांध्यात उरलेलं मीठही तेच करतं. म्हणजे उन्हाळ्यात आत बसलेला क्षार पावसाळ्यात, चाकूला पाण्याचा थेंब न लागता, आतल्या आत ओला होतो. समुद्र लांब असूनही बडोद्यात चाकू का गंजतात याचं हे एक कारण.

म्हणून विकत घेताना पोलादाच्या नावाआधी सांधा बघा. चाकू उघडून उजेडासमोर आडवा धरा. मुठीच्या पाठीला सलग पट्टी आहे, की दोन-तीन छोटे खांब आहेत आणि आरपार उजेड दिसतोय? आरपार दिसणारा घ्या, तो नळाखाली धरून धुता येतो. सांध्यात ब्राँझच्या किंवा टेफ्लॉनच्या चकत्या असाव्यात. हल्ली छर्‍यांचं बेअरिंग घातलेले चाकू येतात, बोटाच्या टिचकीने सर्रकन उघडतात, तरुण मुलांना फार आवडतात. ते छर्रे बऱ्याचदा साध्या बेअरिंगच्या पोलादाचे असतात. त्यात क्रोमियम जेमतेम दीड टक्का आणि कार्बन एक टक्का. तेलाचा थर गेला की पहिल्याच पावसात गंजतात. आपल्या हवेत मी तो प्रकार घेणार नाही. काळा मुलामा दिलेल्या स्क्रूंचंही तसंच, मुलामा गेला की आत साधं लोखंड निघतं. तिसऱ्या चाकूत तेच झालं.

मूठ ग्लास-फायबर किंवा नायलॉनची असेल तर काळजी नाही. लाकूड ओलावा पिऊन फुगतं. फ्रान्सचे ओपिनेल चाकू बघायला सुरेख आणि धारेला अप्रतिम, बीचच्या लाकडाची साधी मूठ; पण लाकडी मुठीचा कोणताही चाकू भिजला की सांध्यात घट्ट बसू शकतो. हौसेने घ्यायचा असेल तर निदान पातं स्टेनलेसचं घ्या, त्यांच्याकडे दोन्ही प्रकार मिळतात. आणि पात्याचा पृष्ठभाग बोटाने तपासा. वाळूच्या माऱ्याने खरखरीत, राखाडी केलेलं पातं दिसायला रुबाबदार, पण त्या खळग्यांत ओलावा धरून राहतो. गुळगुळीत, घोटलेलं पातं जास्त काळ स्वच्छ राहतं.

कुणी म्हणेल, एवढं बघायला वेळ नाही, सरळ एक नाव सांगा. फळं, पार्सलची दोरी, डब्यातलं लिंबू एवढंच काम असेल तर स्विस आर्मी पद्धतीचा लहान चाकू घ्या. व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे संस्थापक कार्ल एल्सेनर यांनी स्विस सैन्याला असे चाकू पुरवायला सुरुवात केली ती १८९१ मध्ये. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं मुद्दाम मध्यम कडक ठेवलेलं असतं, कडकपणाच्या रॉकवेल मोजमापात ५६ च्या आसपास. धार लवकर जाते पण दोन मिनिटांत परतही येते, आणि गंजाला ते दाद देत नाही. माझ्या मते रोजच्या वापरात हाच सौदा बरोबर आहे. महिनाभर टिकणाऱ्या धारेचा हव्यास आपल्यापैकी फार थोड्यांच्या कामाचा.

वापराबद्दल थोडकंच. फळ चिरलं की लगेच साध्या पाण्याने धुवा, उघडा ठेवून वाळवा, मग मिटवा. ओला मिटवू नका. ब्लीचच्या पाण्यात बुडवू नका, त्यातलं क्लोरीन स्टेनलेसलाही खड्डे पाडतं. तारेच्या घासणीने घासू नका. घासणीचे लोखंडी कण पात्यात रुततात, ते गंजतात आणि आपल्याला वाटतं पातंच गंजलं. दारावर सायकलच्या चाकावर धार लावून देणारे येतात, त्यांचा हात चांगला असतो, पण कोरड्या दगडावर जोर दिला की पात्याची कड तापते. कडेला निळसर झाक आली म्हणजे तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. घरी ओल्या दगडावर, हळू. सांध्यात केमिस्टकडे मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब सोडा. स्वयंपाकाचं तेल नको, ते काही आठवड्यांत चिकट होतं. खोबरेल जानेवारीत थिजतं.

कायद्याचं एक वाक्य: आपण बोलतोय ते दोन-तीन इंची पात्याबद्दल. बटण दाबून उडणारा चाकू घेऊच नका. विमानात जवळच्या सामानात कोणताही चाकू चालत नाही. सणासुदीला, निवडणुकीला पोलीस आयुक्तांचा जाहीरनामा निघतो तेव्हा हत्यारांवर बंदी असते, त्या दिवसांत चाकू घरी राहू द्या.

समोरच्या काकूंचा प्रश्न आलाय. वडिलांचा लोखंडी पात्याचा, पितळी मुठीचा घडीचा चाकू आहे, गंजलाय, टाकायचा का. अजिबात नाही, काकू. पातं उघडून फक्त पोलादाचा भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तास-दोन तास बुडवा. पितळ वर राहू द्या, आम्लात पितळाचा रंग जातो. मग जुन्या टूथब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा म्हणजे उरलेलं आम्ल मरेल, आणि लगेच पुसून पंख्याखाली ठेवा. सांधा अडलेला असेल तर जोर लावू नका, शिलाई मशीनचं तेल सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी हळूहळू हलवा. पात्यावर काळसर झाक राहील ती राहू द्या, ती खरवडायची गरज नाही. केशरी आणि भुरभुरीत आहे तेवढंच काढायचं. त्यानंतर त्याने कैरी चिरलीत तरी हरकत नाही, चिरून झाल्यावर धुवायचा आणि कोरडा करायचा.